चटका द्यायचा, पण किती?

काही शब्द घरात आले की घर गप्प होते. आमच्या घरात तसा आलेला शब्द म्हणजे ‘ॲब्लेशन’. डॉक्टरांनी त्याचा अर्थ सोपा करून सांगितला. हृदयातल्या ज्या जागांतून विजेचे चुकीचे इशारे सुटतात, त्यांच्याभोवती बारीक नळीच्या टोकाने छोटे छोटे चटके द्यायचे आणि त्या इशाऱ्यांची वाट बंद करायची. पुढे ते असेही म्हणाले, “आता आम्ही हे जास्त पॉवरवर, पण कमी वेळात करतो.” हृदयाला चटका, आणि तोही जास्त पॉवरचा! अम्मींनी त्या रात्री जेवणाला हात लावला नाही.

आम्ही चार भावंडे, दोन बहिणी आणि दोन भाऊ, हा लेख मिळून लिहीत आहोत. गेल्या वर्षभरात नात्यातल्या आणि ओळखीच्या पाच-सहा घरांतून आम्हाला फोन आले. “तुमच्या अब्बांचे केले ना? धोका असतो का? जास्त पॉवर म्हणजे काय?” प्रत्येकाला फोनवर तेच सांगता सांगता वाटले, हे एकदा नीट लिहून काढावे. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यातली थोरली शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या पाठचा भाऊ अब्बांचे वर्कशॉप सांभाळतो, धाकट्या बहिणीने फार्मसी केली आहे आणि सर्वांत धाकटा पुण्यात नोकरीला आहे. जे विचारून, वाचून आणि भोगून समजले तेवढेच येथे लिहितो. तुमच्या रुग्णासाठी काय योग्य, हे तुमचे डॉक्टरच सांगतील.

अब्बांचे वय आता सदुसष्ट. इचलकरंजीत त्यांनी चाळीस वर्षे फॅब्रिकेशनचे काम केले. गेट, ग्रिल, शटर, जिन्याचे कठडे. रक्तदाब आणि साखर दोन्ही आधीपासून आहेत. चारएक वर्षांपूर्वी त्यांना अधूनमधून धडधड सुरू झाली. ते म्हणत, “छातीत कुणी कबूतर कोंडलंय बघा.” दवाखान्यात पोहोचेपर्यंत कबूतर शांत झालेले असे आणि ईसीजी साफ निघे. शेवटी चोवीस तास छातीला लावून ठेवायचे होल्टर नावाचे यंत्र बांधले, तेव्हा पहाटे चारच्या सुमाराला ते सापडले. आजाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन भरतात आणि खालच्या दोघांत रक्त लोटतात. हे काम ताला-सुरात चालावे म्हणून उजव्या वरच्या कप्प्यात एक नैसर्गिक केंद्र असते. मिनिटाला साठ ते शंभर इशारे तेथून सुटतात. या आजारात वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे-चारशे किंवा त्याहूनही अधिक इशारे सैरावैरा धावतात. कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. नाडी कधी भरभर, कधी अडखळत चालते. त्याहून मोठा धोका दिसत नाही. थरथरणाऱ्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचते, गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा येतो. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो.

म्हणून पहिली गोळी सुरू झाली ती रक्त पातळ ठेवण्याची. दुसरी, ठोक्यांचा वेग कमी करणारी. तिसरी गोळी होती अमिओडॅरोन, हृदयाची लय टिकवणारी. ती लागू पडली. वर्षभर कबूतर गप्प होते. मग अब्बांचे वजन उतरू लागले, हात कापू लागले, उन्हाळ्यात अंगाला आग सुटल्यासारखे होऊ लागले. तपासणीत थायरॉईड बिघडलेला निघाला. या औषधात आयोडीन भरपूर असते, म्हणून ते चालू असताना थायरॉईड, यकृत आणि फुप्फुसे यांच्यावर नजर ठेवावी लागते. गोळी बंद केली. दोन महिन्यांत धडधड परत आली, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळा. अब्बांनी शिडीवर चढणे सोडले. मग होल्डर हातात धरणे सोडले. एके दिवशी त्यांनी वर्कशॉपच्या किल्ल्या काढून मुलाच्या हातात दिल्या आणि ते खाटेवर जाऊन पडले. ते आजारी आहेत हे आम्हाला ठाऊक होते. ते म्हातारे झाले आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

पुण्याच्या डॉक्टरांनी ॲब्लेशन सुचवले ते या टप्प्यावर.

हृदयात नळी घालून लय सुधारण्याची कल्पना नवी नाही. १९८२ साली अमेरिकेत नळीतून थेट विजेचा झटका देऊन हृदयातला एक मार्ग बंद करण्यात आला. तो झटका फार दांडगा असे, कुठवर इजा होईल यावर ताबा नसे. पुढे त्याची जागा रेडिओ लहरींच्या वारंवारतेच्या विजेने घेतली. हिला रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणतात. सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा दिशा बदलणारी ही वीज स्नायूला झटका देत नाही, फक्त तापवते. मग १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातील मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एट्रियल फिब्रिलेशन पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतेक करून एकाच भागातून येतात. फुप्फुसांतून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या चार शिरांच्या तोंडातून. त्यांनी तपासलेल्या ४५ रुग्णांत अशा ठिणग्यांपैकी ९४ टक्के त्या शिरांत सापडल्या. तेव्हापासून उपाय ठरला. त्या शिरांच्या तोंडांभोवती चटक्यांचे कडे करायचे. ठिणगी आत उडत राहील, बाहेर येणार नाही.

कडे मात्र सलग हवे. दोन चटक्यांमध्ये फट राहिली किंवा एखादा चटका वरवरचा झाला, तर काही महिन्यांनी तेथून इशारे पुन्हा वाट काढतात. म्हणजे चटका स्नायूच्या आरपार गेला पाहिजे. आणि इथेच अडचण आहे. डाव्या कप्प्याची मागची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते आणि तिला जवळजवळ चिकटून मागून अन्ननलिका जाते. चटका कमी पडला तर आजार परतणार, जास्त झाला तर मागच्या अन्ननलिकेला धग लागणार. गुण यावा आणि इजा होऊ नये, हे दोन्ही त्याच दोन-तीन मिलिमीटरांत साधायचे असते.

हे ऐकल्यावर आम्ही चौघे घाबरलो. अब्बा मात्र उठून बसले. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर कागदावर आकडे लिहिले होते. जुनी पद्धत, एका जागी साधारण ३० वॅट, अर्धा मिनिट. नवी पद्धत, ५० वॅट, पाच ते पंधरा सेकंद. त्याहूनही पुढची, ९० वॅट, फक्त चार सेकंद. अब्बांनी तो कागद घेतला आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, पत्रा पातळ आहे ना?”

डॉक्टरांना आधी कळले नाही. मग अब्बांनी समजावले. जाड अँगलला वेल्डिंग करताना हात रेंगाळला तरी चालते. पातळ पत्र्यावर रेंगाळलात की उष्णता पसरते, पत्रा वाकतो, मागे लावलेला रंगसुद्धा जळतो. म्हणून पत्र्याला जोरात आणि झटपट टॅक मारायचा आणि हात उचलायचा. जोड पक्का होतो आणि उष्णता पसरायच्या आत काम संपते.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, “चाचा, हेच मला तुमच्या मुलांना सांगायचं होतं.”

नळीच्या टोकाखाली अगदी लगतचा एक-दीड मिलिमीटर भाग विजेने थेट तापतो. त्याच्या खालचा भाग तापतो तो वरची उष्णता हळूहळू झिरपत गेल्यामुळे. साधारण पन्नास अंशांच्या वर स्नायूच्या पेशी कायमच्या मरतात. कमी पॉवर आणि जास्त वेळ असेल तर झिरपणाऱ्या उष्णतेचा वाटा वाढतो आणि ती खोल, मागच्या अन्ननलिकेपर्यंत पोहोचू शकते. जास्त पॉवर आणि कमी वेळ असेल तर थेट तापणाऱ्या भागाचा वाटा वाढतो. चटका रुंद होतो, खोली कमी राहते. पातळ भिंतीला नेमके हेच हवे. आमच्यातल्या थोरलीने त्या कागदावरच गुणाकार केला. ३० वॅट तीस सेकंद म्हणजे ९०० ज्यूल. ५० वॅट दहा सेकंद म्हणजे ५००. ९० वॅट चार सेकंद म्हणजे ३६०. ‘जास्त पॉवर’ हा शब्द ऐकून आम्हाला वाटले होते की अब्बांच्या हृदयात जास्त उष्णता ओतणार. प्रत्यक्षात दर चटक्याला ती कमी होती. अम्मींना हे सांगितल्यावर त्या रात्री त्या जेवल्या.

याचा अर्थ जास्त पॉवर निर्धोक असते असा नाही. अब्बांनीच दुसरा प्रश्न विचारला, “हात हलला तर?” चार सेकंदांत चूक सावरायला वेळ नसतो. ऊतीतले तापमान शंभर अंशांजवळ गेले तर आत वाफ होऊन छोटा स्फोट होऊ शकतो आणि भिंतीला चीर पडू शकते. म्हणून नळीच्या टोकातून सलाईन वाहते ठेवतात. टोक भिंतीवर किती ग्रॅम जोराने टेकले आहे ते सांगणारा संवेदक असतो. पडद्यावर हृदयाचा रंगीत नकाशा असतो आणि दिलेला प्रत्येक चटका त्यावर ठिपका म्हणून उमटतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की ते ५० वॅट वापरतात आणि मागच्या भिंतीवर वेळ आणखी कमी करतात. अन्ननलिकेत नाकातून तापमापी सोडलेली असते. आकडा चढू लागला की ते थांबतात.

फार्मसी झालेली आमची बहीण एवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने विचारले, “याचे पुरावे काय?” ९० वॅट चार सेकंद ही पद्धत माणसांवर तपासणारा पहिला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ५२ रुग्ण होते. त्यानंतर ५० वॅटच्या आणि ९० वॅटच्या पद्धतीचे अनेक अभ्यास झाले. त्यांचा एकत्रित सूर असा की शस्त्रक्रियेचा वेळ कमी होतो, वर्षभराने लय टिकण्याचे प्रमाण जुन्या पद्धतीच्या तोडीचे राहते आणि गंभीर धोके वाढल्याचे दिसत नाही. चार सेकंदांचा चटका काही जाड जागी अपुरा पडतो, असेही दिसले आहे.

पण एक गोष्ट लहान अभ्यासांतून कळूच शकत नाही, ती म्हणजे सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत भयंकर धोका. धग लागलेल्या अन्ननलिकेला जखम होऊन, काही आठवड्यांनी ती आणि हृदय यांच्यामध्ये आरपार भोक पडते. २०२३ साली पॉटर-एएफ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जगभरातल्या ५ लाख ५३ हजारांहून अधिक ॲब्लेशनचा हिशेब होता. हे भोक पडलेले रुग्ण होते १३८. म्हणजे सुमारे ४ हजारांत १. फक्त रेडिओफ्रीक्वेन्सीचे धरले तर साधारण २६०० जणांत १. पण ज्यांना ते झाले त्यांच्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश दगावले. जी गोष्ट २६०० जणांत एकाला होते, ती दोन-तीनशे रुग्णांच्या अभ्यासात दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगितले. त्यामुळे आमचा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. बाकीचे धोकेही त्यांनी लपवले नाहीत. जांघेतल्या शिरेपाशी रक्त साकळते, ते सर्वांत जास्त वेळा होते. शंभरात एखाद्याला हृदयाभोवती रक्त साचते आणि ते तातडीने काढावे लागते. क्वचित लकवा येतो.

आता फायद्याचे. आमची समजूत होती की हे केले की आजार मुळासकट गेला. तसे नाही. अब्बांसारखा येऊन-जाऊन असणारा आजार असेल तर पहिल्या ॲब्लेशननंतर वर्षभर लय टिकते ती साधारण शंभरातल्या सत्तर जणांची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ॲडव्हेंट या चाचणीत उष्णता किंवा थंडी वापरून केलेल्या ॲब्लेशनचे यश ७१.३ टक्के निघाले. आजार सतत टिकून असेल तर यश आणखी कमी. काहींना दुसऱ्यांदा करावे लागते. आणि आयुष्य वाढते का? २०१९ सालच्या कबाना चाचणीत २२०४ रुग्ण होते. त्यात मृत्यू, मोठा लकवा, गंभीर रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे या सर्वांचा मिळून विचार केला, तेव्हा गोळ्यांच्या तुलनेत ॲब्लेशनने ठोस फरक पडलेला दिसला नाही. धडधड परतण्याचे प्रमाण मात्र कमी झाले आणि रुग्णांचे रोजचे जगणे सुधारले. म्हणजे अब्बांसाठी हा सौदा त्यांच्या किल्ल्या परत मिळवण्याचा होता. अमर होण्याचा नव्हे.

यावर आमचे एकमत लगेच झाले नाही. धाकट्या भावाचे म्हणणे होते की थोडे थांबावे. उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म धक्क्यांनी पेशी मारणारी ‘पल्स्ड फील्ड’ ही नवी पद्धत आली आहे, ती अन्ननलिकेला जपते. त्याचे खोटे नव्हते. वर सांगितलेल्या ॲडव्हेंट चाचणीत तिचे यश ७३.३ टक्के, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बरोबरीचे होते. पण आमच्या डॉक्टरांकडे ती तेव्हा नव्हती आणि जिथे होती तिथला खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. इकडेच अंदाज साडेतीन लाखांच्या पुढे होता, त्यातला निम्मा भाग विमा देणार होता. अब्बा म्हणाले, “नवं मशीन येतच राहणार. मला हात कुणाचा आहे ते सांगा.” डॉक्टरांनी या पद्धतीने शेकड्यांनी ॲब्लेशन केली होती. अब्बांनी होकार दिला.

एक प्रश्न मामूंनी काढला आणि तो आमच्या वाचकांच्या घरांतही निघेल, म्हणून लिहितो. नळी डाव्या कप्प्यात असताना गुठळी होऊ नये यासाठी हेपरिन नावाचे इंजेक्शन भरपूर द्यावे लागते, आणि हेपरिन प्रामुख्याने डुकराच्या आतड्यांपासून बनते. मामू म्हणाले, विचारल्याशिवाय सही करू नका. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, हेपरिनशिवाय हे करताच येणार नाही, लकवा होईल. आमच्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारले. त्यांनी सांगितले, जीव जपण्यासाठी दुसरा तितकाच खात्रीचा उपाय नसेल तर औषध म्हणून हरकत नाही, मन शांत ठेवा. मामूंनीच मग अब्बांच्या खिशात तस्बीह ठेवली.

शस्त्रक्रियेआधी कप्प्यात गुठळी नाही याची तपासणी झाली. भूल दिली. जांघेतल्या शिरेतून नळ्या वर गेल्या. मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून त्या डाव्या कप्प्यात पोहोचल्या. आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत पावणेदोन तास लागले, त्यातला प्रत्यक्ष चटक्यांचा वेळ अर्ध्या तासाच्याही आतला. दुसऱ्या दिवशी अब्बा चालले. काही दिवस खाली वाकणे आणि ओझे उचलणे मना होते, म्हणून खुर्चीवर बसून नमाज.

खरे काम यानंतर घरच्यांचे असते. घरी सोडताना डॉक्टरांनी एक कार्ड दिले. पुढचे दोन महिने ताप, छातीत दुखणे, गिळताना त्रास किंवा दुखणे, रक्ताची उलटी, बोलताना अडखळणे, हात-पाय लुळा पडणे यातले काहीही झाले तर ताबडतोब त्यांना फोन करायचा. आणि ठळक अक्षरांत होते, आम्हाला न विचारता घशातून दुर्बीण घालू देऊ नका. असे का, ते आम्ही विचारून घेतले. अन्ननलिका आणि हृदय यांच्यात भोक पडलेले असेल, तर दुर्बिणीबरोबर आत फुंकलेली हवा हृदयातून थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून आधी छातीचा सीटी स्कॅन करायचा.

एकोणिसाव्या दिवशी अब्बांना ताप आला. एकशे एक. थंडी वाजत होती आणि ते म्हणाले, “घास उतरत नाहीये.” पॉटर-एएफ अभ्यासात भोक पडलेल्यांना पहिला त्रास सुरू होण्याचा मधला काळ अठरा दिवसांचा होता. हा आकडा आम्हाला माहीत होता, तो माहीत नसता तर बरे झाले असते असे त्या रात्री वाटले. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले, अनुभवी. त्यांनी तपासून सांगितले, ॲसिडिटी दिसतेय, सकाळी दुर्बिणीने बघून टाकू. आमच्या बहिणीने कार्ड त्यांच्यासमोर ठेवले आणि नम्रपणे म्हणाली, “सर, आधी पुण्याला एक फोन करू द्या.” फोन झाला. पुण्याच्या डॉक्टरांचे या डॉक्टरांशी बोलणे झाले. दुर्बीण रद्द करून रात्रीच सीटी स्कॅन झाला. साफ निघाला. लघवीत जंतुसंसर्ग होता, घसाही सुजला होता. चार दिवसांत ताप उतरला. पण दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची वाट बघत घालवलेले ते दोन तास अजून आमच्या पोटात आहेत. हा आजार इतका दुर्मीळ की एखाद्या डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलाही नसेल. तेव्हा ‘ॲब्लेशन झालंय’ हे शब्द रुग्णाच्या घरच्यांनीच आधी उच्चारायला हवेत.

चौथ्या आठवड्यात धडधड परत आली, तीन दिवस अधूनमधून. अब्बा खचले, “पैसे पाण्यात गेले.” डॉक्टरांनी समजावले की चटक्यांची सूज उतरेपर्यंत असे होते, पहिल्या दोन-तीन महिन्यांवरून निकाल ठरवायचा नाही. ते खरे निघाले. त्यानंतर आजवरच्या चौदा महिन्यांत एकदाच, अकराव्या महिन्यात, वीस मिनिटे नाडी बिघडली आणि आपोआप सुधारली. अलहमदुलिल्लाह. ॲसिड कमी करणारी गोळी दीड महिन्याने बंद झाली, अमिओडॅरोन पुन्हा लागले नाही.

रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र चालू आहे आणि चालू राहणार आहे. ज्या घरांतून फोन येतात, त्या घरांत आम्ही हे सर्वांत जोर देऊन सांगतो. ॲब्लेशन झाले, धडधड थांबली, म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. ती चालू ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, साखर आणि आधी झालेला लकवा यांच्यावरून ठरते, आता धडधड होते की नाही यावरून नाही. आजार कधी कधी कळू न देताही परत येतो. रमजानमध्ये दिवसातून दोनदा घ्यायची ही गोळी सहरी आणि इफ्तारला घेतली तर चालेल का, साखरेच्या गोळ्यांचे काय, हे आम्ही महिनाभर आधी विचारून ठेवले. अब्बांना परवानगी मिळाली. तुमच्या रुग्णाला मिळेलच असे नाही, म्हणून विचारा.

वजनाचेही महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड येथे झालेल्या अभ्यासात, वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांनी ते दहा टक्क्यांनी किंवा अधिक उतरवले आणि टिकवले, त्यांची लय कितीतरी जास्त टिकली. अमिओडॅरोन बंद झाल्यावर अब्बांचे वजन पुन्हा चढले होते, ते आता सात किलोंनी उतरले आहे. याचे श्रेय अम्मींना. दालचा आणि बिर्याणी महिन्यातून एकदा, आणि संध्याकाळी दोघांचे नदीपर्यंत चालणे.

कुणाच्या घरी ॲब्लेशनचा विषय निघाला असेल, तर घाबरून नकार देऊ नका आणि ‘नवीन मशीन आहे’ एवढ्यावर होकारही देऊ नका. आमच्या रुग्णाला यातून नेमके काय मिळणार, ते विचारा. मागच्या भिंतीवर किती वॅट, किती सेकंद, ते विचारा. डॉक्टरांनी अशी किती केली आहेत, हृदयाभोवती रक्त साचले तर सर्जन त्याच इमारतीत आहेत का, रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, हेही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि दोन महिने ते कार्ड आजाऱ्याच्या खिशात आणि घरच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

अब्बा आता रोज सकाळी वर्कशॉपवर जातात. शिडीवर चढत नाहीत. गोळीमुळे छोटा काप लागला तरी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून चाळीस वर्षांत न घातलेले चामड्याचे हातमोजे आता आधी घालतात, मगच होल्डर उचलतात. नव्या पोराला पातळ पत्र्यावर टॅक मारायला शिकवताना ते एवढेच सांगतात, “जोर लाव, पण रेंगाळू नकोस.” अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.